मराठी मेल उघडताना संगणक अडखळतो, त्याबद्दल

इंग्रजी मेल क्लिक करताच उघडतो. मराठी मेलवर क्लिक केले की खिडकी दोन-तीन सेकंद पांढरी राहते. किंवा मराठी विषय असलेली यादी खाली नेताना झटके देत सरकते. अशा वेळी आधी इंटरनेटला बोल लावला जातो, मग रॅम वाढवून मागितली जाते. बहुतेक वेळा दोन्हींचा संबंध नसतो.

हिशेब करून पाहा. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, साधे रोमन अक्षर १. पाठवताना मेल बेस-६४ या साध्या रोमन अक्षरांच्या रूपात बांधला जातो, तेव्हा दर ३ बाइटांची ४ अक्षरे होतात. म्हणजे ४,००० चिन्हांचे लांबलचक पत्रही साधारण १६ केबीच भरते. मोबाइलवर काढलेला एकच फोटो त्याच्या शंभरपट जड असतो. वेळ जातो तो मेल येण्यात नाही, तो पडद्यावर मांडण्यात.

'विद्यार्थी' हा शब्द घ्या. आपल्याला तीन अक्षरे दिसतात. संगणकाकडे १० चिन्हे असतात: व, ऱ्हस्व वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दीर्घ वेलांटी. व नंतर आलेली वेलांटी त्याच्या आधी नेऊन बसवायची, द आणि य जोडायचे, र चा रफार करून पुढच्या 'थी'च्या डोक्यावर चढवायचा. हे सगळे जोडकाम फॉन्टमधल्या नियमांनुसार होते. आजच्या संगणकाला ते जड नाही. जड पडते ते त्याआधीचे: नेमका फॉन्ट शोधणे.

फॉन्टची शोधाशोध

मेलमध्ये कॅलिब्री लिहिलेला असतो आणि कॅलिब्रीत देवनागरी नाही. मग प्रणाली दुसरा फॉन्ट हुडकते. एकदा सापडला की तो लक्षात राहतो, म्हणून सकाळचा पहिला मराठी मेल रेंगाळतो आणि तोच पुन्हा उघडला तर पटकन येतो. असे होत असेल तर दोष फॉन्टचाच समजा.

विंडोज १० आणि ११ मध्ये देवनागरीसाठी निर्मला यूआय मुळातच असतो. मंगल मात्र आता वेगळा बसवावा लागतो: सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' उघडून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' निवडा. कोकिळा, अपराजिता आणि उत्साह त्याच संचात येतात. मंगलमध्ये लिहिलेली पत्रे रोज येत असतील तर हा संच बसवाच.

थंडरबर्ड या मेल सॉफ्टवेअरमध्ये फॉन्ट एकदा नेमून देता येतो. सेटिंग्ज → जनरल → 'लँग्वेज अँड अपिअरन्स' → ॲडव्हान्स्ड. वरच्या 'फॉन्ट्स फॉर' यादीत देवनागरी निवडा आणि खालच्या सगळ्या रकान्यांत निर्मला यूआय भरा. लॅटिनसाठी भरून देवनागरी विसरणे ही नेहमीची चूक. त्याच खिडकीतली 'मेसेजना इतर फॉन्ट वापरू द्या' अशा अर्थाची खूण काढली तर प्रत्येक मेल आपल्याच फॉन्टमध्ये दिसतो. सजावट जाते, पण वाचायला हेच बरे.

डीटीपीचे काम चालणाऱ्या संगणकांत शेकडो फॉन्ट साठलेले असतात. त्यातले जुने मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात; युनिकोड (सगळ्या लिप्यांची सामायिक अक्षरसंहिता) वापरणाऱ्या मेलसाठी त्यांचा काडीचा उपयोग नाही, यादी मात्र लांबते. जुन्या फायलींसाठी ते लागतीलच, म्हणून आधी पेनड्राइव्हवर प्रत घ्या, मग काढा. निर्मला यूआय, सेगो यूआय, एरियल यांना हात लावू नका.

'ॲप'मधला ॲ चौकोन दिसतो किंवा वेगळ्याच वळणाचा येतो? हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या फॉन्टांत ते नाही, त्यामुळे एका शब्दासाठी दोन फॉन्ट धुंडाळले जातात. नवा फॉन्ट हाच उपाय.

एकाच माणसाचे मेल जड असतील तर

बहुधा तो वर्डमधून मजकूर चिकटवतो. सोसायटीची नोटीस घ्या: 'दि.', मग इंग्रजी आकडे, मग मराठी, मग 'फ्लॅट नं.', पुन्हा आकडे. लिपी बदलली की वर्ड प्रत्येक तुकड्याभोवती फॉन्टच्या नावासह वेगळा कोड गुंडाळतो. पानभर मजकुरात असे शेकडो तुकडे होतात आणि उत्तराला उत्तर जोडत गेले की ते वाढतच जातात. थंडरबर्डमध्ये व्ह्यू → 'मेसेज बॉडी ॲज' → प्लेन टेक्स्ट करून बघा. फरक पडला तर पाठवणाऱ्याला सांगा: चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही, किंवा नोटिशीची सरळ पीडीएफ.

इंग्रजी मेलही रेंगाळत असतील तर

मग प्रश्न लिपीचा नाही, फोल्डरचा आहे. थंडरबर्डच्या नेहमीच्या साठवणीत मेल डिलीट केला तरी फाइल लहान होत नाही; फोल्डरवर राइट क्लिक करून 'कॉम्पॅक्ट' करावे लागते. यादीत विषय चुकीचे दिसत असतील तर प्रॉपर्टीज → 'रिपेअर फोल्डर'. दोन्हींआधी बॅकअप घ्या.

आउटलुक या मेल सॉफ्टवेअरची २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांची पीएसटी फाइल, म्हणजे मेल साठवायची फाइल, वेगळ्या जातीची होती: मर्यादा २ जीबी आणि युनिकोड नाही. तीच अजून ओढत आणली असेल तर मराठी विषयांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. नवी पीएसटी बनवून मेल तिच्यात हलवा. मात्र जिथे प्रश्नचिन्हे पडली तिथला मूळ मजकूर परत येत नाही.

फक्त टाइप करताना अडकत असेल तर

इंग्रजी शब्दकोश प्रत्येक मराठी शब्दाखाली लाल रेघ ओढत बसतो. थंडरबर्डमध्ये सेटिंग्ज → कंपोझिशन, आउटलुकमध्ये ऑप्शन्स → मेल → एडिटर ऑप्शन्स → प्रूफिंग. तिथली टाइप करतानाच्या तपासणीची खूण काढा.

अक्षरांऐवजी भलतेच काही दिसत असेल तर

डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए' आणि त्याला लागून चलनाचे किंवा येनचे चिन्ह, अशी जोडी पुनःपुन्हा दिसत असेल तर यूटीएफ-८ मजकूर पाश्चात्त्य एन्कोडिंगने वाचला जातो आहे. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. थंडरबर्डमध्ये व्ह्यू → 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' करा. आउटलुकने पाठवणाऱ्याने ऑप्शन्स → ॲडव्हान्स्डमध्ये जाणाऱ्या मेलसाठी यूटीएफ-८ निवडावे.

एवढे करूनही सुटले नाही तर आम्हाला फोन करा. करण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा: विंडोज व मेल सॉफ्टवेअरची आवृत्ती, फोल्डरमधल्या मेलांची संख्या, बसवलेल्या फॉन्टांची संख्या, आणि तोच मेल पहिल्यांदा व दुसऱ्यांदा उघडायला लागलेले सेकंद. अडखळणारा मेल डिलीट करू नका, आणि नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका. मेल 'सेव्ह ॲज' करून ती फाइल जोडा.