लाकडी फ्लोअरिंग: ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

फ्लोअरिंग बघायला आलेले ग्राहक आधी रंग विचारतात, मग भाव. आम्ही आधी विचारतो ते वेगळंच: खोली कितव्या मजल्यावर आहे, फरशीखाली माती आहे की दुसऱ्याचा फ्लॅट, भिंतीपलीकडे बाथरूम आहे का? लाकडी फ्लोअरिंग बिघडतं ते बहुतेक वेळा ओलाव्यानं, आणि तो ओलावा फळी यायच्या आधीच घरात मुक्कामाला असतो.

नाशिकची हवा लाकडाला सोपी नाही. मार्च-एप्रिलच्या दुपारी ओठ फुटतात, जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. लाकूडही तसंच कोरडं आणि ओलं होत राहतं. फळीची लांबी जवळजवळ बदलत नाही, रुंदी बदलते. सागवानाच्या 90 मिमी रुंद फळीतला ओलावा 4 टक्क्यांनी वाढला तर ती साधारण अर्धा ते पाऊण मिमी फुगते. ओक याच्या दुप्पट. एका फळीचं हे काहीच नाही, पण दहा फूट रुंद खोलीत अशा चौतीस फळ्या येतात. म्हणून सॉलिड लाकडात उन्हाळ्यात बारीक फटी दिसणार आणि पावसाळ्यात बुजणार. तो दोष नाही. जुन्या वाड्यांच्या कडीपाटातही त्या असतात.

कोणतं घ्यावं

बाजारात 'वुडन फ्लोअरिंग' या एका नावाखाली निरनिराळा माल विकला जातो. सॉलिड म्हणजे 18 ते 20 मिमी जाडीची एकसंध फळी. ती अनेकदा घासून पुन्हा पॉलिश करता येते. सागवान घेताना फळीची कड आणि पाठ बघा. पिवळट-पांढरा पट्टा दिसला तर तो झाडाचा बाहेरचा कोवळा भाग. कीड आणि वाळवी आधी तिथेच लागते. लागवडीच्या, कमी वयाच्या परदेशी सागात हा भाग जास्त निघतो. स्टेन मारलेली फळी दाखवली तर बिनपॉलिशचा तुकडा मागा.

इंजिनिअर्ड फळीत वर खऱ्या लाकडाचा थर आणि खाली आडवे-उभे प्लायचे थर असतात, त्यामुळे ती फार फुगत-आकसत नाही. नाशिकच्या बहुतेक फ्लॅटना आम्ही हीच सुचवतो. एकूण जाडी 14-15 मिमी असते, पण विचारायचं ते वरच्या थराचं. 3-4 मिमी असेल तर पुढे एक-दोनदा घासता येतो. एक मिमीपेक्षा कमी असेल तर घासायचा विषयच नाही, आणि किंमतही त्याच हिशेबानं द्यावी.

लॅमिनेट हे लाकूड नव्हे. लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या एचडीएफ बोर्डावर लाकडाचा छापील कागद आणि वर कडक कोटिंग. घरासाठी 8 मिमी, एसी-4 दर्जाचं (एसी म्हणजे झीज सोसण्याचा दर्जा) पुरतं. भाड्यानं द्यायच्या फ्लॅटला उत्तम. पण पाण्यानं कड फुगली की ती परत बसत नाही, फळीच बदलावी लागते. स्वयंपाकघरात दगडाची पूड आणि पीव्हीसीचं एसपीसी टाका. बाथरूममध्ये आणि गोदाकाठच्या तळमजल्यावर यांतलं खरं लाकूड काहीच नको. ज्याच्यावरून गोदावरीच्या पुराची पातळी सांगतात त्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागल्याच्या बातम्या दरवर्षी वाचता तुम्ही.

खालची जमीन

खरं काम इथे आहे. नवा कोबा असेल तर त्याच्या प्रत्येक इंच जाडीला साधारण महिनाभर वाळायला द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त. वरून पांढरा दिसतो म्हणून वाळला असं नसतं. घरच्या घरी तपासायचं तर 18 इंच चौकोनी जाड प्लास्टिक चारही कडांनी टेपनं घट्ट चिकटवून निदान 16 तास ठेवा. आतून थेंब आले किंवा खालचा कोबा काळसर झाला तर काम थांबवा. थेंब आले नाहीत तरी आम्ही मीटर लावतो, कारण या चाचणीतून खोलवरचा ओलावा सुटू शकतो. फळीचाही ओलावा मोजायचा; आपल्याकडे तो 8 ते 12 टक्क्यांत हवा. दसऱ्याचा मुहूर्त गाठायचा म्हणून ओल्या कोब्यावर फळी टाकायला सांगू नका.

जुन्या टाइल्सवर तरंगतं फ्लोअरिंग, म्हणजे जमिनीला न चिकटवता फळ्या एकमेकींत अडकवून टाकलेलं, चालतं, फक्त प्रत्येक टाइल ठोकून बघायची. पोकळ वाजली ती काढून तिथे भरणी करायची. मग सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आडवी-उभी फिरवा. तिच्याखाली 3 मिमीपेक्षा जास्त फट कुठेही नको. उंचवटा घासायचा, खड्डा सेल्फ-लेव्हलिंग कंपाउंडनं भरायचा. वाळू किंवा दुहेरी फोम घालून खड्डा लपवला की चालताना फळी दबते, फळ्या एकमेकींत अडकवणारा क्लिकचा ओठ तुटतो आणि सहा महिन्यांत कचकच सुरू होते.

बंगल्याचा तळमजला असेल तर वाळवीची ट्रीटमेंट फळी बसवण्याआधीच.

बसवताना

बॉक्स खोलीत आडवे ठेवा, भिंतीला टेकवून उभे नकोत. खोलीच्या हवेला सरावायला लॅमिनेट आणि इंजिनिअर्डला 48 तास द्या, सॉलिडला आठवडा ते पंधरा दिवस. 10 × 12 फुटांची खोली 120 चौरस फूट. सरळ मांडणीला 8-10 टक्के कटिंग धरून 130-132 चौरस फूट माल मागवा, हेरिंगबोनला (तिरक्या, नागमोडी मांडणीला) 15 टक्के. स्कर्टिंग दार वगळून साधारण 41 फूट, म्हणजे आठ फुटी सहा पट्ट्या.

कोब्यावर आधी 200 मायक्रॉनचं प्लास्टिक, जोडावर आठ इंच चढवून टेप. त्यावर 2-3 मिमी फोम, जोड एकमेकांना टेकवून. एकावर एक नाही. मग खोलीची रुंदी मोजून शेवटची ओळ किती उरते ते काढा. दोन इंचांपेक्षा कमी उरत असेल तर पहिली ओळच कापून सुरुवात करा. शेजारच्या ओळींतले जोड निदान एक फूट पुढे-मागे हवेत.

चारही बाजूंनी 10-12 मिमी जागा सोडायचीच, दाराच्या चौकटीपाशी आणि पाइपाभोवतीही. कारागिराला ही जागा सिमेंटनं भरू देऊ नका, अगदी 'साहेब, फिनिशिंग छान येईल' म्हणाला तरी. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, आणि स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, फळीला नव्हे. फिक्स वॉर्डरोब किंवा किचनची ट्रॉली तरंगत्या फळीवर बसवली, दाराचा स्टॉपर फळीतून स्क्रू केला, की फळी तिथे अडकते आणि पावसाळ्यात दुसरीकडे घुमटासारखी उठते. आधी फर्निचर, नंतर फ्लोअरिंग. सलग लांबी 8 मीटरच्या पुढे जात असेल तर मध्ये टी-प्रोफाइल, म्हणजे सांधा झाकणारी पट्टी. दारं खालून किती कापायची तेही आधीच मोजून ठेवा.

सॉलिड फळी तरंगती बसवत नाहीत. कोब्यावर ओलावा रोखणारा इपॉक्सी प्रायमर, त्यावर 18 मिमी वॉटरप्रूफ प्लाय स्क्रूनं, मग फळीच्या टंगमधून (कडेच्या, खाचेत बसणाऱ्या जिभेतून) 45 अंशांत खिळा. हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करावं. ऐन मे महिन्यात बसवलेली फळी पुढे फुगते, ऑगस्टमध्ये बसवलेली पुढे आकसते.

नंतर

फळीच्या दोन्ही कडा उचलल्या आणि मध्ये वाटीसारखा खोलगटपणा आला, तर ओलावा खालून येतोय. लगेच घासून सपाट करू नका. फळी वाळली की तीच उलटी, पाठीसारखी फुगीर दिसेल. गळती शोधा, महिना-दोन महिने वाळू द्या, मग ठरवा.

पुसायला घट्ट पिळलेलं फडकं. ॲसिड आणि स्टीम मॉप अजिबात नको. कूलरखाली ट्रे, समईखाली ताम्हन, कुंडीखाली बशी. पावसात बाल्कनीच्या स्लायडिंगची पन्हळ साफ ठेवा; ती तुंबली की पाणी थेट फळीखाली जातं.

एक बॉक्स शिल्लक ठेवा आणि त्यावरचा लॉट नंबर बिलावर लिहून घ्या, दुसऱ्या लॉटची छटा जुळत नाही. ठेवायचा तो पलंगाखाली आडवा. पत्र्याखालच्या माळ्यावर दोन उन्हाळे काढलेली फळी वाकते, आणि गरज पडते तेव्हा खाचेत बसत नाही.