शेजाऱ्यालाच घर विकताना: पात्रता, कागदपत्रं आणि खरेदीखताची प्रक्रिया

गल्लीतलं घर विकायला निघालं की पहिलं गिऱ्हाईक बहुतेकदा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारीच असतो. बाहेरच्यापेक्षा तो चार पैसे जास्तही देतो, कारण त्याला जागा लागूनच मिळते. अशा सौद्यात एजंटचं गिऱ्हाईक शोधायचं काम उरत नाही. भाव ठरवणं, हप्ते बांधणं आणि कागद तपासणं मात्र तुमच्या अंगावर येतं.

कमिशनचा दर कायद्याने ठरलेला नाही. साधारण 1 ते 2 टक्के, तेही अनेकदा दोन्ही बाजूंकडून घेतात. 25 लाखांच्या घराला 2 टक्के म्हणजे 50,000 रुपये. त्यातला थोडा भाग वकिलाच्या सर्च रिपोर्टवर (मालकीच्या जुन्या नोंदींच्या तपासणीवर) आणि मोजणीवर घाला, बाकीचे वाचले. मालक सुरत-पुण्याला राहत असेल किंवा शेजाऱ्याशी भावावरून तोंड उघडणं जड जात असेल, तर मध्यस्थ घ्यावाच. महारेराची (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची) नोंदणी ही नोंदणीकृत प्रकल्पातली घरं-प्लॉट विकणाऱ्या एजंटांना सक्तीची आहे, गावातल्या जुन्या घराचा मध्यस्थ त्यात येतोच असं नाही. म्हणून कमिशन किती आणि कधी, हे लिहून घ्या. द्यायचं ते खरेदीखताच्या दिवशी, विसाराच्या (आगाऊ रकमेच्या) दिवशी नाही.

विकायचा अधिकार कोणाला?

उताऱ्यावर अजून वडिलांचं नाव असेल आणि ते हयात नसतील, तर आधी वारस नोंद करा. बहिणी सासरी असल्या तरी वारस आहेत. त्यांनी एकतर खरेदीखतावर सह्या करायच्या, नाहीतर रजिस्टर हक्कसोडपत्र करून द्यायचं. 'ताई काही म्हणणार नाही' यावर सौदा उभा करू नका. नंतरचे दावे बहुधा इथूनच निघतात.

नंदुरबार, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल पट्ट्यात आणखी एक गोष्ट आधी बघा. आदिवासी खातेदाराची जागा बिगर-आदिवासीला विकायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ प्रमाणे पूर्वपरवानगी लागते. दोन्ही घरं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी असली तरी त्यात सूट नाही. उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' (परवानगीशिवाय विकता न येणारी जागा) लिहिलेलं असेल तरी तीच सावधगिरी: आधी परवानगी, मग विसार.

कागदपत्रं

शहरात सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक, बिनशेती प्लॉटवरच्या घराला सातबारा आणि एनए (बिनशेती) आदेश, गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना 8. नमुना 8 हा करआकारणीचा उतारा आहे, तो एकटा मालकी सिद्ध करत नाही. गावठाणाचं ड्रोन सर्वेक्षण झालेलं असेल तर सनद आणि मालमत्ता पत्रक काढून घ्या. याशिवाय मूळ खरेदीखत आणि इंडेक्स 2 (नोंदलेल्या दस्ताचा सारांश), चालू घरपट्टी-पाणीपट्टीची पावती, वीजबिल, दोघांचे आधार आणि पॅन, फोटो, दोन साक्षीदार. कर्ज असेल तर बँकेचा किंवा सोसायटीचा बेबाकी दाखला, आणि उताऱ्यावरचा बोजा (कर्जाची नोंद) प्रत्यक्षात कमी झालेला हवा. वकील साधारण 30 वर्षांचा सर्च काढतात.

सामाईक भिंत

खरेदीखतातली चतुःसीमा (चारही बाजूंच्या हद्दी) बहुतेक वेळा जुन्या कागदावरून उतरवतात, आणि तिथेच घोळ होतो. 'पूर्वेस खरेदी घेणार यांचे घर' एवढ्यावर भागत नाही. धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) जुन्या घरांत दोन घरांमधली मातीची भिंत दोन-दोन फूट जाड असते. माप भिंतीच्या मध्यापर्यंत धरलं की आतल्या अंगापर्यंत, यावर क्षेत्र बदलतं. भिंत कोणाची, धाब्याच्या पन्हाळीचं पाणी कुठे पडतं, मागच्या बोळातून तिसऱ्याची वहिवाट आहे का, हे वेगळ्या वाक्यांत लिहा. घराचा काही भागच द्यायचा असेल तर आधी मोजणी करून हिस्सा वेगळा करून घ्या.

विसार ते नोंदणी

विसार पावतीत एकूण रक्कम, हप्ते, खरेदीची शेवटची तारीख आणि सौदा फिसकटला तर विसाराचं काय, हे हवंच. ताबा देऊ नका. ताब्यासह साठेखत (खरेदीआधीचा करार) केलं तर पूर्ण मुद्रांक शुल्क तेव्हाच लागू होतं. पैसे बँकेतूनच. 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर ती रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

शेजारधर्म म्हणून कागदावर भाव कमी दाखवायची हौस महागात पडते. मुद्रांक शुल्क हे किंमत आणि शासकीय बाजारमूल्य (सरकारी दराने निघणारी किंमत) यांत जे जास्त त्यावर लागतं. शिवाय घर 20 लाखांना लिहिलं आणि बाजारमूल्य 25 लाख असेल, तर फरक आयकरात चालणाऱ्या 10 टक्क्यांच्या पुढे गेला. विकणाऱ्याचा भांडवली नफा 25 लाखांवर धरतात आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात 5 लाख मिळवतात. किंमत किंवा बाजारमूल्य 50 लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने 1 टक्का टीडीएस कापायचा.

जळगाव, धुळे महापालिका हद्दीत शुल्क 5 टक्के अधिक 1 टक्का अधिभार. घर फक्त स्त्रीच्या नावे घेतलं तर 1 टक्का सवलत. नोंदणी फी 1 टक्का, कमाल 30,000. म्हणजे 25 लाखांच्या घराला 1,50,000 अधिक 25,000. ग्रामपंचायत हद्दीतले दर वेगळे आहेत. बाजारमूल्य दर 1 एप्रिलपासून बदलू शकतात, त्यामुळे मार्चमध्ये ठरलेला सौदा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर नेताना हिशोब परत करा.

शुल्क ग्रास प्रणालीत (राज्य सरकारच्या भरणा संकेतस्थळावर) ऑनलाइन भरा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पब्लिक डेटा एन्ट्री (दस्ताची माहिती आधी भरणं) करा, दुय्यम निबंधक कार्यालयाची वेळ घ्या. तिथे दोघांचे फोटो आणि अंगठे होतात. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवायचा. नोटरी केलेल्या स्टॅम्पवर मालकी जात नाही, स्टॅम्प कितीचाही असो.

इंडेक्स 2 हाती आला की फेरफारचा (उताऱ्यावरचं नाव बदलण्याचा) अर्ज: शहरात नगर भूमापन कार्यालयात, सातबारा असेल तर तलाठ्याकडे. नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात. ग्रामपंचायत किंवा पालिकेत घरपट्टीवरचं नाव आणि महावितरणकडे मीटरवरचं नाव वेगळ्या अर्जांनी बदलतं. घरं लागून असली तरी दोन्ही मीटर आधी वेगवेगळे बंद-चालू करून पाहा. जुन्या घरांत एका मीटरवरून दुसऱ्या घरातला मोटारपंप चालू असल्याचं अशा वेळीच लक्षात येतं.