नाताळच्या कुकीत साखर वाढली कशी

डिसेंबर लागला की सोलापुरात घरून केक-कुकीज करून देणाऱ्या बायकांचे फोन वाजायला लागतात. तारा, घंटा, टोपी अशा आकारांच्या, वर रंगीत आयसिंग केलेल्या कुकीज हव्या असतात. आणि त्याच दमात सांगणं असतं, "ताई, साखर जरा बेतानं घाला, घरात शुगरवाले आहेत." ऐकणाऱ्याला हे आजकालचं खूळ वाटतं. जुनी प्रमाणं काढून बघितली तर उलटंच दिसतं. ही कुकी मुळात हलकीच होती, नंतर ती जड झाली.

1796 साली अमेरिकेत अमेलिया सिमन्स यांचं 'अमेरिकन कुकरी' हे पाककृतींचं पुस्तक निघालं. त्यात खास नाताळची म्हणून एक कुकी दिली आहे: तीन पौंड पीठ, एक पौंड लोणी, दीड पौंड साखर. म्हणजे 100 ग्रॅम पिठाला साधारण 33 ग्रॅम लोणी आणि 50 ग्रॅम साखर. स्वादाला व्हॅनिला नाही, चहाचा कप भरून धन्याची बारीक पूड! बेकिंग पावडर अजून निघायची होती, ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आली. त्यामुळे लाकडाच्या राखेतून काढलेला, आपल्या पापडखाराच्या जातकुळीतला क्षार दुधात विरघळवून घालायचा. पोळी पाऊण इंच जाड लाटायची, हव्या त्या आकारात कापायची आणि मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं भाजायची. कुकीज सुरुवातीला कडक लागतील, पण मातीच्या भांड्यात भरून ठेवल्या तर सहा महिन्यांनी जास्त मऊ आणि चांगल्या होतील, अशी ग्वाहीही बाईंनी दिली आहे. कडक भाकरी चुरून खाणाऱ्या आपल्या गावाला यात नवल वाटायचं कारण नाही.

आज सजावटीच्या कुकीची जी कृती सर्रास वापरतात, तिच्यात 100 ग्रॅम मैद्याला 60-65 ग्रॅम बटर आणि 50-60 ग्रॅम साखर असते. लोणी जवळपास दुप्पट झालं. पिठातली साखर फारशी वाढली नाही, ती वाढली वरच्या आयसिंगनं. चवीची आवड बदलली असेलच, पण मुख्य कारण भावाचं. बीटमधली साखर उसातल्यासारखीच आहे हे मारग्राफ या जर्मन रसायनतज्ज्ञानं 1747 साली दाखवलं. पुढच्या शतकात युरोपात बीटच्या साखरेचे कारखाने उभे राहिले आणि कुलपात ठेवायची साखर रोजच्या डब्यात आली. हात सैल सुटला तो तेव्हापासून.

सजावटीचंही तसंच. जर्मनीतल्या श्प्रिंगर्ले आणि नेदरलँड्समधल्या स्पेक्युलास या हिवाळी सणांच्या कुकीजवर नक्षी असते ती कोरीव लाकडी साच्याची, थेट पिठात उठवलेली. तिच्यासाठी वेगळी साखर लागत नाही. अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर फेटून केलेलं रॉयल आयसिंग कुकीवर चढलं आणि शोभेचा सगळा भार साखरेवर आला.

सोलापूरकडे याच गोष्टीची आपली शाखा आहे. माळीनगरचा कारखाना 1930च्या दशकातला, आणि आज साखर कारखान्यांचा जिल्हा म्हणून आपली ओळख आहे. साखर महाग म्हणून हात आखडावा असं इथे सहसा झालं नाही. सणासुदीला मैदा, पिठीसाखर आणि तुपाचे डबे घेऊन बेकरीच्या भट्टीवर नंबर लावायचा, किलोवर मजुरी द्यायची आणि नानकटाईचे पत्र्याचे डबे भरून घरी आणायचे, हा रिवाज जुना. कित्येक घरांत तूप आणि साखर समसमान, आणि तूप म्हणजे बहुतेकदा वनस्पती. डालडा बाजारात आला 1937 साली. त्यातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक चरबीवर, 2 टक्क्यांची मर्यादा यायला 2022 उजाडावं लागलं. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाला करंज्या-शंकरपाळ्यांच्या ताटात हीच नानकटाई असते. आयसिंगची कुकी तिच्या शेजारी अलीकडे येऊन बसली.

हलकं करण्याचे प्रयत्नही काही आजचे नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये 1940 पासून आणि अमेरिकेत 1942 पासून साखरेचं रेशनिंग झालं, तेव्हा गृहिणींनी नाइलाजानं कमी साखरेत भागवलं. मग 1992 साली अमेरिकेत 'स्नॅकवेल्स' नावाच्या बिनचरबीच्या कुकीज आल्या आणि तुफान खपल्या. चरबी काढली, गोडवा ठेवला, आणि लोक जास्तच खाऊ लागले. मला तरी हा प्रयोग फसलेलाच वाटतो. आपल्याकडे त्याचा भाऊ म्हणजे "गुळाची आहे, खा निवांत". गूळ घातला काय, ज्वारीचं पीठ घातलं काय, कॅलरीत फारसा फरक पडत नाही. ज्वारीनं चव छान येते, तिच्यात गव्हासारखा चिकटपणा नसल्यानं कुकी खुसखुशीत होते, एवढंच खरं.

साखर कमी केली की कुकीला रंग कमी चढतो आणि ती भट्टीत कमी पसरते. सजावटीच्या कुकीला हे दुसरं तर सोयीचंच, कारण ताऱ्याची टोकं शाबूत राहतात. लोणी फार कमी केलं तर मात्र कडक होते. लोण्यात घोळलेल्या पिठाला चिवटपणा धरता येत नाही, आणि लोणी कमी पडलं की तेच काम अपुरं राहतं. म्हणून कात्री आधी आयसिंगला लावावी. त्याच्या वजनात पाचातले चार वाटे तरी साखरच असते. कुकीभर ओतण्याऐवजी कोनानं नुसती कड काढली, मध्ये दोन ठिपके दिले, की झालं. सोलापूरच्या कोरड्या डिसेंबरात ती रेघ झटकन वाळते. पोळीही पाऊण इंच नको, तीन-चार मिलिमीटर पुरते. भाजायला मात्र भट्टीजवळून हलू नये, इतकी पातळ कुकी बघता बघता करपते.