जुन्या शहराचे पुनरुज्जीवन, छत्रपती संभाजीनगर

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या मराठवाड्यातील औद्योगिक शहराचा तटबंदीच्या आतला जुना भाग पुन्हा राहण्या-फिरण्याजोगा व्हावा, यासाठी गेल्या दीड-दोन दशकांत झालेले प्रयत्न. गुलमंडी, सिटी चौक, शहागंज, सराफा, राजाबाजार, रंगारगल्ली, औरंगपुरा हे मोहल्ले आणि पेठा त्यात मोडतात. रस्ता रुंदीकरण, दरवाजांची दुरुस्ती, खाम नदीची स्वच्छता आणि मुख्य चौकांची नव्याने केलेली मांडणी ही या प्रयत्नांची मुख्य अंगे होत. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका हद्दीची लोकसंख्या ११,७५,११६ होती.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या खेड्याच्या जागी हे नगर वसवले. मुघलांवरील विजयाची खूण म्हणून उभारलेला भडकल दरवाजा १६१२ चा. शहराला पाणी देणारी नहर-ए-अंबरी त्यानंतर काही वर्षांनी तयार झाली. उत्तरेकडच्या डोंगरातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या विटांच्या बांधीव पाटातून आणायचे, वाटेत ठिकठिकाणी मनोऱ्यासारखे उंच बंबे उभारून आत अडकलेली हवा मोकळी करायची आणि पुढे हौद, मशिदी, हमामखाने व वाड्यांपर्यंत ते खेळवायचे, अशी ही योजना होती. तिला उताराखेरीज दुसरे बळ लागत नसे. पाणचक्कीत हे तत्त्व आजही डोळ्यांनी पाहता येते: खालून आलेले पाणी भिंतीतून वर चढते, उंचावरून हौदात कोसळते आणि त्या झोताने फिरणाऱ्या पात्यांवर वरचे जाते चाले. शहराला तटबंदी मिळाली ती १६८२ मध्ये, औरंगजेबाच्या काळात. मराठ्यांच्या स्वाऱ्यांचा धाक हे त्यामागचे कारण. तटाला मोठे दरवाजे आणि लहान खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे, होत्या. ‘बावन दरवाजांचे शहर’ ही ओळख तेव्हापासूनची. बावन हा आकडा लोकांच्या तोंडचा असून आज उभे असलेले दरवाजे त्याहून कितीतरी कमी आहेत.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, तेव्हा शहर बहुतांशी तटाच्या आतच होते. बाहेर छावणी, रेल्वे स्टेशनचा परिसर आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची कापडगिरणी एवढाच पसारा. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर औद्योगिक विकास महामंडळाने स्टेशन परिसर व चिकलठाणा येथे वसाहती उभारल्या. १९७० च्या दशकात सिडकोने पूर्वेकडे नवे नगर आखले. १९८० च्या दशकात वाळूज आले आणि बजाज ऑटोच्या कारखान्यामागोमाग सुट्या भागांचे शेकडो लहानमोठे उद्योग तिथे उभे राहिले. पुढे शेंद्रा आणि अलीकडे शेंद्रा-बिडकीनचे ऑरिक हे नियोजित औद्योगिक नगर. प्रत्येक टप्प्याबरोबर पैसा आणि तरुण कुटुंबे तटापासून आणखी दूर गेली. जुन्या वाड्यांतली बिऱ्हाडे सिडको, गारखेडा, सातारा परिसरात राहायला गेली. दुकान गुलमंडीत आणि घर सिडकोत, ही व्यापारी घरांची रीतच झाली. नवी पिढी खरेदीला निराला बाजार आणि कॅनॉट प्लेसला जाऊ लागली. लग्नाचा बस्ता, सोने-चांदी आणि पूजेचे साहित्य मात्र अजून जुन्या शहरातूनच घेतले जाते.

यात महापालिकेच्या तिजोरीची एक बाजू आहे आणि ती सहसा चर्चेत येत नाही. ८ डिसेंबर १९८२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. वाळूज आणि ऑरिक ही मोठी औद्योगिक क्षेत्रे मात्र तिच्या हद्दीबाहेर राहिली. कामगार शहरात राहणार, शहराचे रस्ते, पाणी आणि दवाखाने वापरणार, पण ते जिथे राबतात त्या कारखान्यांच्या मालमत्ता करातला रुपयाही महापालिकेला मिळणार नाही, असा हा हिशेब आहे. आशियात झपाट्याने वाढणारे शहर म्हणून ज्याचा गवगवा झाला, त्याच शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी का येते, याचे निम्मे उत्तर या हिशेबात सापडते. उरलेले निम्मे कारभाराचे आहे. पैठणचे जायकवाडी धरण भरलेले असतानाही जुन्या जलवाहिन्या ते पाणी पुरेसे आणू शकत नाहीत. १,६८० कोटी रुपयांच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. पुढे तिचा खर्च बराच वाढला.

जुन्या शहरात सर्वांत आधी आले ते रुंदीकरण. २०११ च्या सुमारास महापालिकेने विकास आराखड्यातील रस्ते मोकळे करण्याची मोठी मोहीम घेतली. भिंतींवर लाल रंगाचे मार्किंग झाले आणि पाठोपाठ पाडापाडी. काही ठिकाणी मालकांनी स्वतःहून दर्शनी भाग उतरवून घेतले. रस्ते खरोखर रुंद झाले, रुग्णवाहिका आत शिरू लागली, हे नाकारता येणार नाही. पण मोबदल्याची रीत जुन्या शहराला मानवणारी नव्हती. गेलेल्या जागेपोटी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वाढीव बांधकाम करण्याचा हक्क, देऊ केला जातो. मोठा भूखंड असलेल्याला तो परवडतो. ज्याचे दहा फूट रुंदीचे दुकान निम्मे गेले, पीआर कार्डावर (मालमत्ता पत्रकावर) चार भावांची नावे आहेत आणि दुकानात पगडीचा भाडेकरू बसला आहे, त्याने या कागदाचे करायचे काय? अशा जागांवर अर्धवट कापलेल्या भिंती, उघडे पडलेले कोनाडे आणि लोंबणाऱ्या तुळया वर्षानुवर्षे तशाच राहिल्या. लाकडी खांब, कोरीव दांड्या आणि चुन्याच्या नक्षीचे किती दर्शनी भाग या मोहिमेत गेले, याची नोंदही आधी करून ठेवली गेली नाही. ही चूक भरून न निघणारी आहे. २०२५ च्या उन्हाळ्याअखेर मुकुंदवाडी, जालना रोड, पैठण रोड या भागांत पुन्हा मोठी पाडापाडी झाली तेव्हा मोबदला आणि पुनर्वसनाचे तेच प्रश्न नव्याने उभे राहिले.

औरंगपुऱ्यातील भाजी मंडईचे उदाहरण याच जातीचे. जुनी मंडई पाडून तिथे संकुल उभारण्याचे ठरले, काम वर्षानुवर्षे रखडले आणि भाजीवाले रस्त्यावर आले. रस्त्यावरची मंडई हटवा म्हणून तक्रार करणारे आणि तिथूनच मेथीची जुडी घेणारे लोक बहुधा एकच असतात.

स्मार्ट सिटी अभियानात शहराची निवड २०१६ मध्ये झाली. सुरुवातीच्या प्रस्तावात भर होता तो चिकलठाण्याच्या बाजूला नवे नगर वसवण्यावर, म्हणजे पुन्हा तटाबाहेरच. ती कल्पना मागे पडली आणि निधीचा काही भाग शहर बस, कॅमेरे, रस्ते यांच्या जोडीने जुन्या शहराकडे वळला. या निधीतून झालेले सर्वांत चांगले काम म्हणजे दरवाजांची दुरुस्ती. खिजरी, कटकट, बारापुल्ला, महेमूद, रोशन, पैठण, नौबत अशा दरवाजांची आणि शहागंजच्या निजामकालीन घड्याळ मनोऱ्याची डागडुजी झाली. वर्षानुवर्षे बंद असलेले शहागंजचे घड्याळ पुन्हा सुरू झाले.

या कामात कस लागतो तो चुन्याचा. दरवाजे दगड, भाजक्या विटा आणि चुन्याचे आहेत. मधल्या काळात सोपे म्हणून अनेक ठिकाणी सिमेंटचे गिलावे मारले गेले. सिमेंट भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही. ओल आतच कोंडते, क्षार विटेच्या पृष्ठभागाशी जमतात आणि गिलाव्यामागची वीट भुकटी होऊन गळू लागते. म्हणून आधी सिमेंट खरवडून काढायचे, मग चुना भिजवून मुरवायचा, त्यात वाळू आणि सुरखी (विटांची पूड) घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा. पारंपरिक चुनेकामात गूळ, बेलफळाचा गर, उडीद किंवा मेथीचे पाणी घालतात. त्याने चुना चिवट होतो आणि तडे कमी जातात. गिलावा दिल्यावर त्याला सावकाश सुकू द्यावे लागते. उन्हाळ्यात गोणपाट लावून ओलावा टिकवावा लागतो. निविदेतली मुदत आणि चुन्याची मुदत यांचे जमत नाही, आणि जिथे निविदेसाठी चुन्याची घाई झाली तिथे ती गिलाव्याच्या पापुद्र्यांतून दिसते.

दरवाजा दुरुस्त झाला तरी त्याच्यापुढचा मोठा प्रश्न वाहतुकीचा असतो. खाम नदीवरच्या मकाई, महेमूद आणि बारापुल्ला या दरवाजांना जोडून जुने अरुंद पूल आहेत आणि शहराची पश्चिमेकडची येजा पिढ्यान्‌पिढ्या याच कमानींतून होत आली. मकाई दरवाजाखाली सकाळी दहाला उभे राहिले की समोरून रिक्षा, मागून शाळेची व्हॅन, मधे दुचाक्या, आणि कमानीच्या कडेच्या दगडांवर आरशांनी व हँडलांनी काढलेले ओरखडे असे चित्र दिसते. कमानीला हात न लावता शेजारून समांतर पूल काढणे हा यावरचा खरा उपाय. त्या दिशेने काम सुरू झाले. पैठण दरवाजाची गोष्ट उलटी. तो रस्त्याच्या मधोमध एकटा राहिला आहे, वाहने दोन्ही अंगांनी जातात आणि पायथ्याशी गाड्या लागतात. पैठणगेट ते गुलमंडी हा पट्टा पादचाऱ्यांसाठी राखावा, असा विचार स्मार्ट सिटीच्या काळात पुढे आला. गिऱ्हाईक गाडी लावणार कुठे, हा व्यापाऱ्यांचा प्रश्न होता. तो रास्तच आहे, आणि वाहनतळ आधी व बंदी नंतर हा क्रम पाळला नाही तर कोणतीही पादचारी योजना या पेठेत टिकणार नाही.

खाम नदीचे काम वेगळ्या वळणाचे आहे. तटाच्या पश्चिमेने वाहणारी ही नदी गेल्या काही दशकांत नाला झाली होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या ग्रामस्थांनी डेपोत कचरा टाकू देणे बंद केले. शहरात ढीग साचले, मार्चमध्ये मिटमिट्याला कचरा टाकण्यावरून दंगल उसळली. तेव्हा कचऱ्याचे वर्गीकरण शहराला नाइलाजाने शिकावे लागले. खामच्या कामाची पाळेमुळे त्या धड्यात आहेत. महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक ही वाळूजची उद्योगसंस्था आणि इकोसत्त्व ही पर्यावरणाचे काम करणारी संस्था यांनी मिळून नदीपात्रातला कचरा काढला, काठ बांधले, झाडे लावली. लोखंडी पुलाजवळ खाम इको पार्क उभे राहिले. हे काम शहरांसाठीच्या जागतिक पातळीवरील रॉस पारितोषिकाच्या २०२३-२४ च्या अंतिम यादीत पोचले. वाळूजच्या उद्योगाने शहराच्या पोटातल्या नदीसाठी हात लावला, ही बाब मोलाची. मात्र सांडपाणी पूर्ण अडवल्याशिवाय नदी ती नदी नव्हे.

शहराचा अभिमान मोठ्या कार्यक्रमांच्या वेळी झळकतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० गटाच्या महिलाविषयक बैठकीसाठी पाहुणे आले, तेव्हा काही आठवड्यांत जालना रोड उजळला, भिंती रंगल्या, कारंजी लागली. गुलमंडीच्या गल्ल्या त्या नकाशात फारशा नव्हत्या. त्याच महिन्यात शहराच्या नामांतराला केंद्राची मान्यता मिळाली. त्याआधी, २०२० च्या अखेरीस, ‘लव्ह औरंगाबाद’ आणि ‘सुपर संभाजीनगर’ अशा झगमगत्या फलकांवरून वादंग माजले होते. नावाशी माणसांच्या भावना खोलवर जोडलेल्या असतात आणि त्या हलक्या लेखण्याचे कारण नाही. पण नळ, नाली आणि पदपथ यांवर तेवढ्याच हिरिरीने बोलले गेले असते, तर जुने शहर आज वेगळे दिसले असते.

तटाच्या आतले शहर सर्वांचे आहे, हे वर्षभरातल्या मिरवणुकांवरून कळते. राजाबाजारातील संस्थान गणपती हे ग्रामदैवत. विसर्जन मिरवणूक तिथून निघते, शहागंज, सिटी चौक, गुलमंडी असा मार्ग धरते आणि औरंगपुऱ्यात जिल्हा परिषद मैदानाच्या विहिरीकडे जाते. १४ एप्रिलला भडकल दरवाजासमोरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याशी निळा सागर लोटतो. रमजानमध्ये रात्रभर बुढीलेन ते शहागंज नान-खलियाचा दरवळ असतो आणि ईदच्या खरेदीत सिटी चौकात पाय ठेवायला जागा नसते. क्रांती चौकात १८५७ च्या उठावातील शिपायांना मृत्युदंड दिला गेला. त्या जागी शिवछत्रपतींचा नवा भव्य पुतळा फेब्रुवारी २०२२ मध्ये उभा राहिला. रुंदीकरणाचा कोणताही आराखडा करताना मिरवणुकीचे मार्ग, रात्रीचा बाजार आणि हातगाड्यांच्या जागा नकाशावर आधी काढल्या पाहिजेत, कारण पेठ जिवंत आहे ती त्यांच्यामुळे.

स्मार्ट सिटी अभियान ३१ मार्च २०२५ रोजी संपले. काही दरवाजे राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहेत, उरलेल्यांची देखभाल महापालिकेकडे आहे. पावसाळ्यानंतर चुन्याच्या सांध्यांतून पिंपळाची रोपे वर येतात. बोटाएवढी असताना ती मुळासकट निघतात, दोन वर्षे राहिली की मूळ कमानीत शिरते आणि दगड सरकवते. त्यासाठी दर वर्षी ऑक्टोबरात प्रत्येक दरवाजावर परांची बांधून हे काम करून घ्यावे लागते, आणि त्याकरिता महापालिकेच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष हवे.