पाइनहर्स्ट क्रमांक २: गवत काढून जुनं रूप परत आणलेलं मैदान

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात पाइनहर्स्ट नावाचं गाव आहे. रॅली आणि केरीच्या परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींना ते दीड-एक तासावर. तिथलं ‘क्रमांक २’ हे गोल्फ मैदान पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, याची देखभाल सुटलेली दिसते. फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या, कडा पिवळट, पलीकडे उघडी वाळू, तारेसारख्या ताठ गवताचे झुबके आणि पाइनच्या वाळलेल्या सुया. मैदानाचं हे रूप २०१० साली ठरवून, खर्च करून आणलेलं आहे. ते का आणलं हे समजायला शंभरेक वर्षं मागं जावं लागतं.

बॉस्टनच्या जेम्स वॉकर टफ्ट्स यांनी सोडा फाउंटनच्या धंद्यात पैसा कमावला होता. १८९५ साली त्यांनी इथली हजारो एकर रेताड जमीन अगदी स्वस्तात घेतली. लाकडासाठी पाइनची झाडं तोडून नेल्यावर उरलेली ती जमीन होती. हिवाळ्यात हवापालटासाठी येणाऱ्यांचं गाव वसवायचं, हा त्यांचा बेत. गोल्फ मागाहून आला, आणि १९०० साली स्कॉटलंडच्या डॉर्नोकहून आलेले गोल्फपटू डोनाल्ड रॉस इथे रुजू झाले. १९०७ साली त्यांनी आखलेल्या क्रमांक २ चे १८ होल, म्हणजे खेळाचे टप्पे, पुरे झाले. रॉस याच मैदानाच्या तिसऱ्या होलजवळ राहायचे आणि १९४८ साली मृत्यू येईपर्यंत त्यात सुधारणा करत राहिले.

रॉस समुद्रकाठच्या वाळूवर खेळून वाढलेले. इथली जमीन त्यांच्या ओळखीची होती: पाणी झटकन मुरतं, जमीन टणक राहते, चेंडू पडल्यावरही दूर घरंगळत जातो. त्यांनी फेअरवे रुंद ठेवले आणि खेळाडूची परीक्षा कडेच्या वाळूत व ग्रीनच्या, म्हणजे खळग्याभोवतीच्या गुळगुळीत जागेच्या, उतारांवर घेतली. ग्रीनसुद्धा आधी दाबून सपाट केलेल्या वाळूची होती. त्यांच्यावर गवत आलं ते १९३० च्या दशकाच्या मध्यात. १९३६ साली इथे व्यावसायिक गोल्फपटूंची पीजीए अजिंक्यपद स्पर्धा झाली.

१९७० च्या अखेरीस टफ्ट्स घराण्याने हे सगळं डायमंडहेड या कंपनीला विकलं. रंगीत दूरदर्शनवर ऑगस्टा या प्रसिद्ध गोल्फ मैदानाची हिरवळ पाहिलेल्या लोकांना प्रत्येक मैदान तसंच हवं होतं. त्यामुळे वाळूच्या पट्ट्यांवर बर्म्युडा गवत पसरलं, स्प्रिंकलर वाढले, फेअरवे अरुंद झाले आणि दोन्ही बाजूंना दाट रफ, म्हणजे उंच वाढवलेलं गवत, उभं राहिलं. १९८४ साली मालक बदलले, मैदानाची प्रतिष्ठा सावरली आणि १९९९ व २००५ साली यूएस ओपन ही अमेरिकेची मोठी गोल्फ स्पर्धा इथे झाली. तरी रूप तेच राहिलं. रॉसचं मैदान म्हणून नाव मोठं, पण रॉसला ते ओळखू आलं नसतं.

हे बदलायचं ठरवलं क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष डॉन पॅजेट यांनी, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत धाडसी निर्णय तोच. पुढची यूएस ओपन ठरलेली होती, आणि दाट रफ ही तर त्या स्पर्धेची ओळख. तेच काढून टाकायचं होतं. काम मैदानं आखणाऱ्या जोडीकडे, बिल कूर आणि ऑगस्टाची मास्टर्स स्पर्धा दोन वेळा जिंकलेले बेन क्रेनशॉ यांच्याकडे गेलं. कूर याच राज्यात वाढलेले. मुलगा असताना त्यांनी जुनं मैदान पाहिलं होतं.

पण आठवणीवर मैदान आखता येत नाही. १९४३ साली विमानातून घेतलेली छायाचित्रं हाती आली, त्यात फेअरवेच्या कडा स्पष्ट होत्या. दुसरा पुरावा जमिनीखाली होता. फेअरवेच्या मधोमध गेलेली पाण्याची जुनी वाहिनी सापडली. तिचं पाणी जिथवर पोहोचायचं तिथवरच गवत टिकायचं, म्हणजे तीच मूळ रुंदी. सुमारे ३५ ते ४० एकरांवरचं गवत काढलं, वायरग्रास या तारेसारख्या ताठ स्थानिक गवताची दोन लाखांहून जास्त रोपं लावली. स्प्रिंकलर ११५० वरून ४५० वर आले आणि पाण्याचा वापर निम्म्याहून खाली गेला. ग्रीनना बहुतांशी हात लावला नाही. आता मैदानावर गवत कापण्याच्या दोनच उंच्या आहेत, एक ग्रीनची आणि दुसरी बाकी सगळ्याची. कडा पिवळट का दिसतात याचं उत्तरही इथेच आहे: मधोमध असलेल्या स्प्रिंकलरच्या रांगेचं पाणी कडेपर्यंत कमी कमी होत जातं.

मार्च २०११ मध्ये मैदान पुन्हा उघडलं. २०१४ साली पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन लागोपाठच्या आठवड्यांत इथेच झाली. मार्टिन कायमर आठ फटके राखून जिंकला, नंतर मिशेल वी जिंकली. टीव्हीवर तपकिरी मैदान पाहून अनेकांनी नाकं मुरडली. मला ती टीका पटत नाही. जिथे जमीन वाळूची आहे तिथे वाळू दिसणारच, आणि पाण्याची एवढी बचत करणारं मैदान देखणं नाही असं म्हणायला मी तयार नाही.

त्या स्पर्धांनंतर ग्रीनवरचं थंड हवेचं बेंटग्रास काढून उन्हाळा सोसणारं बर्म्युडा लावलं गेलं. २०२४ साली ब्रायसन डीशॅम्बोने शेवटच्या होलवर बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, मारलेल्या फटक्याच्या जोरावर यूएस ओपन जिंकली, ती याच नव्या ग्रीनवर. आता काळजी वाळूच्या पट्ट्यांची आहे. मोकळं सोडलं तर तिथे झाडोरा दाटत जातो, म्हणून काय वाढू द्यायचं आणि काय उपटायचं हे कर्मचाऱ्यांना सतत ठरवावं लागतं. पुढची यूएस ओपन इथे २०२९ साली आहे.