हिमनदी आच्छादन

उन्हाळ्यात हिमनदीच्या निवडक भागावर पांढरे कापड अंथरून हिम व बर्फ वितळण्याचा वेग कमी करण्याची पद्धत. आल्प्समधील स्की-केंद्रांनी ती रूढ केली. स्की-लिफ्टचे (स्की करणाऱ्यांना वर नेणाऱ्या पाळण्यांचे) खांब, स्की-उतार किंवा स्वित्झर्लंडमधील ऱ्होन हिमनदीप्रमाणे पर्यटकांसाठी कोरलेली बर्फाची गुहा, अशा उत्पन्न देणाऱ्या जागाच बहुधा झाकल्या जातात. स्वित्झर्लंडमध्ये आंडरमाटजवळच्या गुर्शेन हिमनदीवर २००५ पासून, तर इटलीतील प्रेसेना हिमनदीवर २००८ पासून आच्छादन घालण्यास सुरुवात झाली.

कापड कृत्रिम धाग्यांचे, न विणलेले आणि काही मिलिमीटर जाडीचे असते. उघडा, मळकट बर्फ बरेचसे ऊन शोषून घेतो. पांढरे कापड ते परतवते आणि उष्णताही अडवते. पाणी त्यातून झिरपून जाते, त्यामुळे पावसात डबकी साचत नाहीत.

खरी कसोटी वेळेची. हिवाळ्यातले हिम शिल्लक असतानाच ते झाकावे लागते; उशीर झाला की वाचवायचे तेच आधी वाहून गेलेले असते. प्रेसेनावर सुमारे ५ मीटर रुंद आणि ७० मीटर लांब पट्टे उतारावर उलगडत, कडा एकमेकींना शिवत आणि वाळूच्या पिशव्यांनी दाबत. सांध्यात फट राहिली, तर वारा आत शिरून पट्टा उचलतो. तेथे सुमारे १ लाख चौरस मीटर झाकायला सहा आठवडे लागत, काढायलाही तेवढेच. नवे हिम पडण्याआधी कापड गुंडाळले नाही, तर ते गाडले जाऊन गोठते आणि ओढून काढताना फाटते.

झाकलेला भाग भोवतालच्या बर्फाइतका खचत नाही. त्यामुळे तेथे ओट्यासारखा उंचवटा तयार होतो आणि त्याच्या तीव्र कडांवरून कापड घसरू लागते. हिमनदी वेगाने सरकणारी असेल, तर भेगा रुंदावून ते फाटते. धुळीने काळवंडलेले कापड ऊन कमी परतवते. सुटलेले प्लास्टिकचे तंतू वितळपाण्याबरोबर ओढ्यांत उतरतात, हा आक्षेप सहज बाजूला सारण्याजोगा नाही.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्विस अभ्यासानुसार आच्छादनाखालील वितळण निम्म्याहून अधिक घटते. मात्र झाकलेले क्षेत्र देशातील एकूण हिमनद्यांच्या जेमतेम ०.०२ टक्के होते. सर्वच स्विस हिमनद्या झाकायच्या, तर दरवर्षी १ अब्ज स्विस फ्रँकहून अधिक खर्च येईल. त्यामुळे हा उपाय हिमनदी वाचवण्याचा नव्हे, तिच्यावर चालणारा धंदा काही हंगाम टिकवण्याचा आहे. वरच्या अंगाने येणारा बर्फ आटत गेला, की झाकलेल्या तुकड्याचे पोषणही थांबते.