मॅनहोलमध्ये माणूस उतरवण्याचे नियम: पार्श्वभूमी

टाकीत, खड्ड्यात किंवा धुराड्यात माणूस उतरवण्यापूर्वी काय करायचे, हे 1948च्या कारखाने अधिनियमातल्या कलम 36ने सांगितले होते. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987च्या दुरुस्तीने ते अधिक नेमके झाले. सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी घेऊन हवा सुरक्षित असल्याचा लेखी दाखला द्यायचा. नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावायचे, पट्ट्याला दोर बांधायचा आणि दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाने धरून ठेवायचे. मैला उपसणारे पंपिंग स्टेशन या कायद्याच्या कक्षेत येऊ शकत होते, रस्त्यातले मॅनहोल मात्र येत नव्हते. मलवाहिनीत उतरताना घ्यायच्या खबरदारीचे भारतीय मानक 11972 हेही 1987चेच, पण मानक म्हणजे कायदा नव्हे.

हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा 1993चा कायदा महाराष्ट्र आणि गोव्यासह सहा राज्यांच्या ठरावांवरून झाला. त्याचा रोख कोरड्या संडासांवर होता. गटारे आणि सेप्टिक टँक बाहेरच राहिले.

ते आत आले 2013च्या कायद्यात, आणि खरा गुंता तिथूनच सुरू होतो. मालकाने संरक्षक साधने व यंत्रे न पुरवता, सुरक्षेची खबरदारी न घेता करून घेतलेली हाताने सफाई म्हणजे ‘घातक सफाई’, अशी त्यात व्याख्या आहे. बंदी आहे ती या घातक सफाईवर. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे साधने दिली, खबरदारी नोंदवली की तेच काम व्याख्येबाहेर जाते. त्याच वर्षीच्या नियमांनी वाट अरुंद केली: साधने असली तरी माणूस उतरवायचा तो अपवाद म्हणूनच. नवी वाहिनी 300 मिलिमीटरपेक्षा मोठ्या जुन्या वाहिनीला जोडणे, सक्शन विहिरीच्या (उपसण्यासाठी मैला जिथे साचतो त्या विहिरीच्या) तळाचा पंप काढणे, मॅनहोलची पुनर्बांधणी, असे ते अपवाद. शेवटचा मात्र मोकळा आहे: ‘अत्यंत आवश्यक’ वाटल्यास स्थानिक संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने कारण लिहून परवानगी द्यावी.

आमच्या मते व्याख्येचा पायाच चुकला आहे. ती धोका मोजते साधनांच्या यादीवरून, आणि माणूस मरतो तो हवेमुळे. बूट, हातमोजे, हेल्मेट दिल्याची सही घेता येते. त्यांपैकी एकही वस्तू श्वास पुरवत नाही. कॅनिस्टरचा मास्कसुद्धा फक्त हवा गाळतो, नसलेला ऑक्सिजन तो कुठून आणणार? मैल्यातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. थोडा असताना कुजक्या अंड्यांचा वास येतो; 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास नाकच बधिर होते, आणि वास गेला म्हणून लोक निर्धास्त होतात. काही शे पीपीएमच्या पुढे माणूस बघता बघता कोसळतो.

म्हणून वायू मोजणारा डिटेक्टर सोडायचा तो वर, मध्ये आणि तळाशी, सेन्सरला वेळ देत. ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्क्यांत हवा, हायड्रोजन सल्फाइड 10 पीपीएमखाली, ज्वलनशील वायू स्फोटमर्यादेच्या, म्हणजे पेट घ्यायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या, दहा टक्क्यांखाली (मिथेनसाठी हे हवेत अर्धा टक्का). काडी पेटवून किंवा कंदील सोडून बघण्याची जुनी रीत मिथेन असेल तिथे जीवघेणी आहे. प्रवाहाच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या शेजारच्या मॅनहोलची झाकणे आधी उघडायची, ब्लोअरची नळी तळापर्यंत न्यायची आणि हवा ओढणारे तोंड जनरेटरच्या धुरापासून लांब ठेवायचे, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आपणच आत भरतो. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो, त्यामुळे उतरण्याआधीचे मोजमाप काही मिनिटांत जुने होते. डिटेक्टर अंगावर चालू राहिलाच पाहिजे. दुसरा बळी बहुधा वाचवायला उडी घेणाऱ्याचा असतो. हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे), ट्रायपॉड (तिवई) आणि विंच (दोर गुंडाळणारे यंत्र) असेल तर कुणीही आत न जाता बेशुद्ध माणूस वर येतो.

पुढचा इतिहास मुख्यतः भरपाईचा आहे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने 1993पासून गटारसफाईत झालेल्या प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपये ठरवले. सुरक्षा साधनांविना गटारात उतरवणे आणीबाणीतही गुन्हा मानावा, असेही म्हटले. 2021 साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने खासगी सोसायटीच्या टाकीत मेलेल्या कामगारांच्या कुटुंबांना भरपाई देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. ऑक्टोबर 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम तीस लाख केली आणि जानेवारी 2025मध्ये मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई थांबवण्याचा आदेश दिला.

सोसायट्यांच्या सेप्टिक टँकमध्ये प्रश्न अडतो तो तळाच्या घट्ट गाळावर. सक्शनची गाडी वरचे पाणी ओढून निघून जाते, आणि राहिलेल्या थरासाठी ठेकेदार माणूस उतरवतो. तिथे बाहेरूनच जेटिंगच्या, म्हणजे जोरदार दाबाने सोडलेल्या, पाण्याने गाळ सैल करून पुन्हा उपसा करता येतो, लागलाच तर तिसऱ्यांदाही. त्याला जास्त वेळ आणि जास्त खेपा लागतात, आणि त्या खेपांचे पैसे दरपत्रकात आधीच धरलेले असावे लागतात.